भरताच्या वांग्याचं साक्षीचित्र

सर्वकोशात ‘भरीत’ या पानावर जांभळं वांगं लावलंय, हे द्वारकाबाई फेगड्यांना कळलं तेव्हा त्यांनी आधी त्या वांग्याला शिव्या घातल्या आणि मग ते लावणाऱ्याला. जांभळं, मुठीएवढं, बुटाला पॉलिश केल्यासारखं चकचकीत. म्हणे याचं भरीत! असल्या वांग्याची भाजी करावी, नाहीतर म्हशीपुढे टाकावं. मोरवड गावच्या बाईने ते पऱ्हाट्यांवर, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजायला घेतलं असतं तर शेजारणींनी पऱ्हाट्या वाया गेल्या म्हणून हळहळ केली असती.

“कोन हाये हा मेला?” त्यांनी सुनेला विचारलं.

देवयानी ओट्यावर मांडीवर संगणक घेऊन बसली होती. पुण्यातल्या एका कचेरीचं काम ती गावातूनच करायची, आणि उरल्या वेळात सर्वकोशात लिहायची. “एक कोणी नाही, आई. सर्वकोश सगळ्यांचा. कुणीही पान लिहावं, कुणीही चित्र लावावं. चूक दिसली तर दुसऱ्याने येऊन दुरुस्त करावी.”

“म्हंजे गावच्या पारासारखं. कोनीबी येऊन बसतं.”

“तसंच. फक्त इथं बोललेलं पुसलं जात नाही.”

“मग मीच दुरुस्त करते. सरक.”

द्वारकाबाईंची शाळा चौथीत सुटली होती. जोडाक्षर आडवं आलं की त्या त्याला वळसा घालून पुढे जायच्या. पण वांगं म्हटलं की तापीकाठच्या बावीस बाया त्यांचा शब्द मोडायच्या नाहीत. बावीसजणींचा गट त्यांनीच उभा केला होता. हिवाळ्यात मोरवडची हिरवट पांढरी, हातभर लांब भरताची वांगी भुसावळच्या संकलन केंद्रावर जायची आणि तिथून मोठ्या शहरांत. अख्खं गाव त्या वांग्यावर उभं होतं, आणि जगाच्या पुस्तकात मात्र भलत्याच गावचं जांभळं ध्यान जाऊन बसलं होतं.

चित्र बदलणं पूर्वीसारखं सोपं राहिलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी यंत्रं हवं ते चित्र रंगवून द्यायला लागली. न जन्मलेल्या माणसाचा फोटो, न आलेल्या पुराचा फोटो, आणि खरं कुठलं, खोटं कुठलं ते जन्मदात्या आईलाही ओळखू येईना. लोकांचा आपल्याच डोळ्यांवरचा भरवसा उडाला. तेव्हा साक्षीभिंग आलं. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी सिलिकॉनची एक चकती असते, तिच्यावर लाखो बारीक कण. कारखान्यात कितीही नेमाने बनवा, त्यातला एखादा कण प्रकाश जरा जास्त पितो, एखादा कमी. ही खोड प्रत्येक चकतीची निराळी, बोटाच्या ठशासारखी, आणि तिची नक्कल कुणाला करता येत नाही. साक्षीभिंगातून फोटो काढला की प्रकाश पडला त्याच क्षणी चकतीचा ठसा, जागा आणि वेळ चित्रात विणली जाते. नंतर एक ठिपका जरी हलवला तरी वीण उसवते आणि लबाडी उघडी पडते.

देवयानीने हे समजावलं तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या, “यात काय मोठं? माझ्या तव्याले मधोमध खड्डा हाये. म्हनून माझी भाकर हजारात ओळखू येते.”

“अगदी तेच, आई.”

“मग एवढं लांबन कशाले लावलं?”

सर्वकोशाने नियम केला की यापुढे पानाचं मुख्य चित्र साक्षीचंच लागेल. जुनी चित्रं बदलून होईपर्यंत तशीच राहिली, पण त्यांना कुणी मोजत नव्हतं. आणि खोट्याच्या महापुरात खरी चित्रं एवढीच उरल्यामुळे जगातली यंत्रंही त्यांच्यावरूनच शिकायला लागली. शाळेतल्या पाट्या, आंधळ्या माणसाला समोरचं सांगणारे चष्मे, बाजारात माल निवडणारे पट्टे. या शेवटच्या गोष्टीकडे मोरवडमध्ये कुणाचं लक्ष गेलं नाही.

तालुक्याच्या वाचनालयाकडून साक्षीभिंगाचा कॅमेरा महिनाभराच्या बोलीवर मिळाला. द्वारकाबाईंनी दवंडी दिल्यासारखा निरोप धाडला आणि बावीसजणी ओंजळी, टोपल्या, पदर भरून वांगी घेऊन आल्या. ओट्यावर सतरंजी अंथरली. द्वारकाबाई पाटावर बसल्या आणि एकेका वांग्याची हजेरी सुरू झाली.

“हे काय व? याचं पोट सुटलंय.”

“याच्या देठाले एवढे काटे! जगापुढे असं जायचं का?”

“आन् हे कोनाचं? तोंड वाकडं करून बसलंय, सासरी आल्यासारखं.”

ते उषाचं होतं. उषा त्यांची धाकटी जाऊ, साठीची. बोलायला कमी, पण बोलली तर ठेवून द्यायची. गावाचं बियाणं तिच्याकडे असायचं. दरवर्षी आपल्या शेताच्या एका कोपऱ्यातली वांगी ती तोडायची नाही. ती झाडावर पिवळीजर्द होऊ द्यायची, मग बी काढून राखेत घोळवून सगळ्यांना वाटायची. तिच्या सासूने तेच केलं होतं, आणि सासूच्या सासूने.

“बाई, आपली वांगी अशीच असतात,” उषा म्हणाली. “एखादं चपटं, एखाद्यावर जांभळी झाक. चव बघावी का तोंड?”

“उषे, पोरगी दाखवायची असली की चुलीपुढून उठवून आनत नही कोनी. तोंड धुतात, वेनी घालतात, मग बाहेर काढतात.”

बाया हसल्या. उषाने आपलं वांगं उचलून पदराखाली घेतलं.

देवयानी चाचरत म्हणाली, “आई, ज्ञानकोशात नेहमीचं, सर्रास दिसणारं चित्र लावतात. सगळ्यात देखणं नाही.”

“पाहुन्याच्या ताटात तू करपलेली भाकर वाढते का? नही ना? मग झालं.”

शेवटी निवडलं गेलं ते द्वारकाबाईंच्याच शेतातलं. कोवळ्या दुधी रंगाचं, वरून खाली पांढऱ्या रेघा ओढल्यासारख्या, कुठे डाग नाही की ओरखडा नाही. त्यांनी ते तेलाच्या फडक्याने पुसलं, पांढऱ्या धोतरावर निजवलं, आणि देवयानीने कळ दाबली.

पानाच्या चर्चेत सात दिवस झुंज चालली. वर्ध्याचे मुकुंद दाणी म्हणून निवृत्त चित्रकला शिक्षक होते, चित्रांची छाननी ते बघायचे. माणूस सभ्य, पण उंबरठ्यावर बसलेल्या मांजरासारखा, हलायचा नाही. त्यांनी विचारलं, ‘छायाचित्र सुंदर आहे. परंतु हे एकच फळ या वाणाचं प्रातिनिधिक आहे का?’

“काय म्हनतो?”

“म्हणतात, सगळी वांगी अशीच असतात का?”

द्वारकाबाईंनी क्षणभर ओट्याखाली पाहिलं. तिथे निवडीत नापास झालेल्या वांग्यांचा ढीग अजून पडला होता.

“लिही. आमचं सगळं असंच असतं.”

“आई…”

“लिही म्हनलं ना.”

देवयानीने लिहिलं. खाली नाव आलं: द्वारकाबाई फेगडे, मोरवड. चित्र लागलं. त्या दिवशी बावीस घरांत शिरा झाला, आणि द्वारकाबाई गल्लीतून अशा चालल्या की जणू त्यांचं स्वतःचंच चित्र लागलं होतं.

चित्र लागल्यावर नवव्या दिवशी टेम्पो भरलेला परत आला.

विजेवरचा टेम्पो, आवाज करत नाही. बाया धुणं वाळत घालत होत्या, मागे वळून बघतात तर क्रेट जसेच्या तसे रचलेले. प्रत्येक क्रेटवर केंद्राच्या यंत्राची चिठ्ठी: ‘हे भरताचं वांगं नाही.’

“नही म्हंजे?” द्वारकाबाई कडाडल्या. “मग काय भोपळा हाये?”

ड्रायव्हर बिचारा खालमानेने उभा. आजवर यंत्राला भरताचं वांगं ठाऊकच नव्हतं, तो म्हणाला. म्हणून केंद्रावरचा माणूस मोरवडचा माल नजरेने बघून हाताने पुढे ढकलायचा. आता यंत्र शिकलंय. त्या माणसाला पट्टा पुसायच्या कामाला लावलंय. उषाचा एकही नग पास झाला नाही. अख्ख्या गावातून पास झाले ते अकरा, आणि तेही द्वारकाबाईंच्याच शेतातले.

“आणि दुसरीकडून एक संकरित वांगं येतं ना, काचेसारखं गुळगुळीत, ते सगळंच्या सगळं पास,” ड्रायव्हर म्हणाला. “आत बिया खच्चून. पण दिसायला तुमच्या फोटोसारखं.”

बाया भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, द्वारकाबाईंना भांडणाची सवय होती. त्या नुसत्या आपापले क्रेट उचलून घरी गेल्या. उषा मात्र थांबली.

“बाई, तुमची पोरगी दाखवून झाली. पाहुन्यायले पसंत पडली. आता बाकीच्या पोरी काय विहिरीत ढकलायच्या?”

“यंत्राचा दोष हाये तो.”

“असंल. सोमवारपर्यंत बघते. तोवर माल उचलला नही तर शेत मोकळं करते. बियान्याचा कोपरासुद्धा. जे विकत नही त्याचं बी कोनासाठी राखू? पोरं म्हनतात ते संकरितच लावते.”

ती गेली. द्वारकाबाईंना ठाऊक होतं, तो कोपरा एकदा उपटला की संपलं. बियाणं दुसरीकडे कुठे नव्हतंच. पाच पिढ्यांनी राखलेलं, आणि ते बुडवायला पूर आला नाही, दुष्काळ आला नाही. एका फोटोने बुडणार होतं, तोही त्यांनी निवडलेल्या.

घरी येऊन त्यांनी सुनेला फर्मावलं, “लिही त्या दाण्याले. यंत्र आंधळं हाये म्हनावं.”

देवयानीने लिहिलं. तासाभरात उत्तर आलं. दाणींनी नम्रपणे लिहिलं होतं: ‘बाई, यंत्राने तुम्ही दाखवलं तेवढंच पाहिलं.’

द्वारकाबाई पाणी प्यायल्या. मग पहिल्यांदाच आवाज खाली करून म्हणाल्या, “मले नीट सांग. ते यंत्र बघतं कसं?”

देवयानीने अंगणात काडीने एक ठिपका काढला. “हे आपलं चित्र. यंत्र त्याच्याभोवती एक रिंगण आखतं. रिंगणात येईल ते भरताचं वांगं, बाहेर राहील ते नाही. आता रिंगण किती मोठं आखायचं, हे त्याने ठरवायचं कशावरून? चित्रात वांगं एकच असलं, तर त्याला वाटतं जगात एवढंच असतं. रिंगण अगदी आवळून आखतं. चित्रात पन्नास असली, एक जाड, एक वाकडं, एक डागाचं, तर त्याला कळतं की वांगं एवढं सगळं असू शकतं. रिंगण पसरतं. लहान मूल नाही का, घरची एकच गाय बघितली असली तर दुसऱ्याच्या काळ्या गाईला रेडा म्हणतं.”

“मग पन्नास लाव.”

“लावता येतील. पण सहमतीने लागलेलं चित्र काढायचं असेल तर ज्याने लावलं त्याने, आधीचं का चुकलं, ते नावानिशी लिहावं लागतं. पुन्हा चर्चा होते. तातडीचं म्हणून मागितलं तर तीन दिवसांत. आणि तुम्ही तिथे लिहिलंय की आमचं सगळं असंच असतं.”

“पुसून टाक ते.”

“पुसता येत नाही, आई.”

द्वारकाबाई उठल्या, गोठ्यात गेल्या, उगाचच म्हशीला ओरडल्या आणि परत आल्या. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर, सरपंचासमोर, ग्रामसेवकासमोर ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. नवरा गेला तेव्हाही नाही, आणि तेव्हा म्हणण्यासारखं बरंच होतं. आता ते जगापुढे लिहायचं, आणि खाली नाव घालायचं. त्यापेक्षा नापास झालेली वांगी कच्ची खाल्लेली बरी.

दुपार कलली तेव्हा त्यांनी चपला घातल्या. “ते भिंग घे,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“उषीच्या शेतात. माझ्या शेतातल्या वांग्यायचं तोंड नको आता बघायले.”

उषा बांधावर बसून विळ्याला धार लावत होती. दोघी येताना दिसल्या तरी तिचा हात थांबला नाही.

“आज शुक्रवार हाये,” उषा म्हणाली. “सोमवारचं मी बोलली.”

“म्हाईत हाये मले वार.”

“मग?”

द्वारकाबाई उभ्याच राहिल्या. देवयानी चार पावलं मागे थांबली आणि दुसरीकडे बघत राहिली. शहाणी पोरगी.

“तुझी वांगी पाहिजेत,” द्वारकाबाई म्हणाल्या. “चित्रासाठी.”

“माझी? वाकड्या तोंडाची?”

“हो.”

“सासरी आल्यासारखी?”

“उषे, आता पुरं कर.”

“मी कुठं काही म्हनली? तुमचंच बोलनं हाये, मी जपून ठेवलं. बियान्यासारखं.” तिने विळा खाली ठेवला. “बाई, मी या घरात आली तेव्हा तुम्ही माझा पहिला स्वयपाक पाहुन्यांपुढे गेल्यावर परत आनला होता. म्हने पुरन पातळ झालं. तुमच्या हातचं वाढलं. आठवतं?”

द्वारकाबाईंना आठवत नव्हतं. तेच त्यांना लागलं. चाळीस वर्षं एक बाई एक पुरणपोळी मनात घेऊन बसली होती, आणि ती परत आणणारीला पत्ताच नव्हता. माणूस असंच नाही का निवडत बसत, देखणं पुढे, बाकीचं पडद्याआड, आणि पडद्याआड कोण बसलंय त्याची चौकशीही करत नाही.

“तेव्हाबी चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “आन् आताबी.”

आवाज असा निघाला की जणू घशात भाकरीचा तुकडा अडकला होता. उषा म्हणाली, “पानी पाहिजे का?”

“नको.”

“बसा मग. उभ्यानं काय निवडनार?”

निवडायचं कसं, यावरून पुन्हा जुंपलीच. द्वारकाबाईंचा हात सवयीने सरळ, गुळगुळीत वांग्याकडे जायचा. उषा म्हणायची, सगळीच घ्या. द्वारकाबाई म्हणायच्या, किडकं कसं घेऊ, उद्या यंत्र किडकंही पास करील. दोघींचंही खरं होतं. देवयानी म्हणाली, “तुम्ही भरतासाठी घरात निवडता तेव्हा काय बघता?”

दोघी एकदमच म्हणाल्या, “बघत नही. हातात घेतो.”

भरताचं वांगं आकाराने थोरलं आणि हाताला हलकं लागतं. हलकं म्हणजे आत बिया कमी, गर जास्त. भाजलं की साल आपोआप सुटते आणि गर लोण्यासारखा बडगीत पडतो. बडगी म्हणजे भरीत ठेचायची लाकडी परात, तिच्यात बियांची कचकच ऐकू आली की सासवा तोंड फिरवतात. हे मोरवडच्या पोरीला दहाव्या वर्षी येतं. फक्त फोटो काढायचा म्हटल्यावर त्या दिवशी सगळ्या बाया डोळ्यांनी निवडायला बसल्या होत्या, आणि हात मांडीवर ठेवून दिले होते.

“तोंड तिकडे करा, बाई,” उषा म्हणाली.

द्वारकाबाईंनी नदीकडे तोंड केलं आणि तळहात मागे पसरला. उषा एकेक वांगं त्यावर ठेवू लागली.

“हलकं. ठेव.”

“हलकं.”

“हे जड, काढ.”

“हे… उषे, हे फारच गोड हाये बघ. कापूस धरल्यासारखं. ठेव.”

देवयानी गोणपाटावर ठेवत गेली. मावळतीला आलेलं ऊन त्यांच्यावर पडलं तेव्हा द्वारकाबाई वळल्या. गोणपाटावर त्रेचाळीस वांगी होती. लांबुळकी, बुटकी, पोट सुटलेली, एकाच्या गालावर जांभळी झाक, एक चक्क खुरप्याच्या पात्यासारखं वाकलेलं. “फारच गोड” म्हटलेलं तेच होतं. एक उषाने तिथेच पऱ्हाट्यांवर भाजलं आणि उभं चिरून कडेला ठेवलं, आतला गर दिसावा म्हणून.

“हात काढा ना मधून,” देवयानी कॅमेऱ्यामागून म्हणाली.

“हात राहू दे,” द्वारकाबाई म्हणाल्या. “वांगं केवढं हाये ते कळंल कसं?”

दोन हात होते, एक द्वारकाबाईंचा, एक उषाचा. कुठला कुणाचा ते फोटोत ओळखू येत नव्हतं. दोन्हींची नखं मातीने काळी.

नवं चित्र चढताच दाणींनी चर्चेच्या पानावर विचारलं, ‘चित्रात गोणपाट असावं का?’ त्याखालचा मजकूर द्वारकाबाईंनी स्वतः सांगितला. देवयानीला एक शब्द बदलू दिला नाही.

‘मी द्वारकाबाई फेगडे. आधीचं चित्र मी लावलं. आमचं सगळं असंच असतं हे मी लिवलं ते खोटं होतं. चित्र खरं होतं पन माझं बोलनं खोटं. त्याच्यामुळं बावीस बायांचा माल परत आला आन् आमच्या उषीचं बियानं बुडायची येळ आली. नवीन चित्रातली वांगी डोळ्यानं निवडली नहीत, हातानं निवडली. थोरलं पन हलकं ते भरताचं. हे चित्राखाली लिवा म्हंजे यंत्राले समजंल, त्याच्याकडं काटा हाये ना. आन् दानी मास्तर, तुमी इचारलं तवा मी तोऱ्यात होते. तुमचं बरोबर होतं. पुन्यांदा कोनाचं असं ऐकून घेऊ नका.’

दाणींचं उत्तर यायला वेळ लागला. आलं ते असं: ‘गोणपाट असावं की नसावं, हा प्रश्न मी मागे घेतो.’

त्याच्याखाली लोक जमायला लागले. नंदुरबारची एक मिरचीवाली म्हणाली, आमच्या मिरचीच्या पानावरही एकच लालबुंद मिरची आहे, त्यामुळे आमची अर्धी मिरची मिरची राहिलेली नाही. आजऱ्याच्या एका भातवाल्याने तेच लिहिलं. एका डोळ्यांच्या डॉक्टरणीने लिहिलं की तिच्या एका आंधळ्या रुग्णाचा चष्मा त्याला आईच्या हातची भाकरी ‘अनोळखी पदार्थ’ म्हणून सांगतो, कारण पानावरची भाकरी कंपासने काढल्यासारखी गोल आहे. रविवारपर्यंत पान लांबच लांब झालं. दाणींनी तळाशी प्रस्ताव मांडला: जे पिकतं आणि जे हाताने बनतं, त्याचं मुख्य चित्र एकट्याचं नसावं, ढिगाचं असावं, आणि ढीग कसा निवडला ते खाली लिहावं. ‘मोरवडची रीत’ असं नाव त्यांनी कंसात टाकलं होतं. द्वारकाबाई म्हणाल्या, कंस काढा. देवयानीने ते लिहिलं नाही.

सोमवारी सकाळी चित्र लागलं. दहा वाजता बावीसजणींनी टेम्पो भरला. यंत्र नवीन चित्र कधी वाचणार, वाचलं तरी मानणार का, कुणाला सांगता येईना. सरळ घरी जायला कुणाचा पाय निघेना, म्हणून सगळ्या उषाच्या बांधावर येऊन बसल्या. उषाने विळा जवळच ठेवला होता. पिवळ्या झालेल्या बियाण्याच्या वांग्यांचा कोपरा समोर होता, दिव्यांसारखा.

“टेम्पो आला तरी कळायचा नाही,” एकजण म्हणाली. “मेला आवाजच करत नाही.”

“भरलेला असला तर कळंल,” दुसरी म्हणाली. “उषाबाई ओरडंल.”

दीड वाजता वळणावर टेम्पो दिसला. बाया उठून उभ्या राहिल्या. क्रेट एकात एक घातलेले होते. भरलेले क्रेट एकात एक जात नाहीत, हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं, आणि मग जो कल्ला झाला त्याने नदीकाठचे बगळे उठले. ड्रायव्हरने खाली उतरून एकच लहान पिशवी पुढे केली. सात नग परत आले होते. चिठ्ठी होती: ‘आकाराच्या मानाने जड.’

द्वारकाबाईंनी एक उचलून हातावर तोललं. बाया त्यांच्या तोंडाकडे बघू लागल्या.

“कोनाचे हायेत हे?” त्यांनी विचारलं.

ड्रायव्हर घुटमळला. “तुमचेच, आजी.”

“जड हाये,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बरोबर सांगतं मेलं.”

उषा हसली. बऱ्याच वर्षांत तिला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. तिने विळा उचलला, डोक्याला बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या फडक्याच्या त्याने चिंध्या केल्या, आणि चिंध्यांचा झुपका द्वारकाबाईंच्या हातात दिला. बियाण्याला ठेवायच्या फळाला चिंधी बांधतात, चुकून कुणी तोडू नये म्हणून. आजवर ती एकटीच बांधत आली होती.

“तुम्ही निवडा, बाई.”

द्वारकाबाई कोपऱ्यात शिरल्या. पहिल्याच झाडाला दोन वांगी होती. एक सरळसोट, देखणं, बघताच हात जावा असं. दुसरं गाल फुगवून, तोंड वाकडं करून पानाआड लटकलेलं. द्वारकाबाईंनी दोन्ही तळहातावर तोलली, बराच वेळ, आणि वाकड्याला चिंधी बांधली. मग दुसरी चिंधी काढून सरळसोटालाही बांधली.

“ते कशाले?” उषाने विचारलं.

“कशाले म्हंजे?” द्वारकाबाईंनी गाठ दातांनी आवळली. “देखनं असनं काय गुन्हा हाये?”